ट्रान्सफरमार्क्ट: फीचा आकडा नंतर बघा, आधी तारखा बघा

मागच्या दहा-बारा वर्षांत फुटबॉलसाठी मी सगळ्यात जास्त उघडलेली साईट कुठली, तर ट्रान्सफरमार्क्ट. मॅच चालू असताना सब म्हणून आलेल्या पोराचं वय बघायचं, आधी कुठल्या क्लबात होता, कितीला घेतला, कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, आणि हे बघता बघता त्याच्या जुन्या कोचच्या पानावर जायचं, तिथून त्या कोचच्या जुन्या क्लबवर, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. माझा मोठा भाऊ पण हीच साईट वापरतो आणि दर ट्रान्सफर विंडोत आमचं भांडण ठरलेलं. दादा मला फीचा, म्हणजे प्लेअर घ्यायला क्लबने मोजलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट पाठवतो, मी त्याला खेळलेल्या मिनिटांचा पाठवते. साईट एकच, पण दोघांनाही आपलाच मुद्दा सिद्ध झाला असं वाटतं. तर हा रिव्ह्यू त्याबद्दल आहे, की मॅनेजर किंवा ट्रान्सफर चांगली की वाईट हे ठरवताना या साईटवरचं नक्की काय धरायचं आणि काय सोडून द्यायचं.

आधी ज्यांनी फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. ही जर्मन साईट आहे, २००० साली मत्थियास झायडेलने सुरू केली, हॅम्बुर्गमधून चालते, २००८ मध्ये आक्सेल श्प्रिंगर या मोठ्या मीडिया कंपनीने तिचा बहुतांश हिस्सा घेतला. वापरायला फुकट, जाहिराती असतात. प्रत्येक प्लेअरच्या नावापुढे एक मार्केट व्हॅल्यू असते युरोमध्ये, आणि हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. ही व्हॅल्यू कुठलं मशीन काढत नाही. लोक लॉगिन करून चर्चा करतात, वय, कॉन्ट्रॅक्ट, लीग, फॉर्म, मागणी किती आहे असं सगळं मांडतात, कारणं देतात, आणि शेवटी जबाबदार माणसं ते सगळं वाचून आकडा ठरवतात. म्हणजे मतांची सरासरी पण नाही. आणि साईट स्वतःच सांगते की मार्केट व्हॅल्यू म्हणजे ट्रान्सफर फी नव्हे. एमबाप्पे, हालांड, यामाल यांच्या नावापुढे २०० मिलियन लागलं तेव्हा बातम्यांमध्ये असं दाखवलं जणू कुणी चेक लिहायला बसलंय. एमबाप्पे २०२४ मध्ये पीएसजीतून रेआलला गेला तो फ्री ट्रान्सफरवर. त्याच्या ट्रान्सफरच्या यादीत एका ओळीत मोनॅकोहून पीएसजी १८० मिलियन आणि पुढच्या ओळीत शून्य. कॉन्ट्रॅक्ट संपलं, विषय संपला. १९९५ च्या बॉसमन निकालापासून, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या प्लेअरला फीशिवाय जाता येईल असं कोर्टाने सांगितल्यापासून, हे असंच आहे.

मला विचाराल तर या साईटचं खरं सोनं खाली आहे. कुठल्या तारखेला आला, किती मिनिटं खेळला, कुठल्या पोझिशनला किती मॅच खेळला, किती दिवस जखमी होता. आणि दुसऱ्या टॅबमध्ये कोचचं पान, कुठल्या तारखेला आला आणि कुठल्या तारखेला गेला. हे दोन टॅब शेजारी ठेवले की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

माझं आवडतं उदाहरण लुकाकू. दादाचं मत एकदम साधं आहे, तो म्हणतो, "अगं, ११३ मिलियन देऊन घेतलेला स्ट्रायकर एका वर्षात परत पाठवला, यापेक्षा वाईट ट्रान्सफर कुठली दाखव." चेल्सीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये इंटरकडून घेतला, ४४ मॅचमध्ये १५ गोल, त्यातले प्रीमियर लीगमध्ये फक्त ८. फीच्या शेजारी हे ठेवलं तर दादाचंच बरोबर. आता तारखा लावा. २०१९ मध्ये कोन्ते कोच म्हणून इंटरला आला आणि त्याच विंडोत लुकाकू आला. दोन सीझन, दुसऱ्या सीझनला लीगमध्ये २४ गोल आणि इंटरला २०१० नंतरचं पहिलं टायटल. मे २०२१ मध्ये कोन्तेने इंटर सोडलं, आणि तीन महिन्यांत लुकाकू चेल्सीत, जिथे टुखेल कोच होता. म्हणजे चेल्सीने घेतला तो कोन्तेच्या टीममधला लुकाकू, शेजारी दुसरा स्ट्रायकर लाउटारो, समोर पळायला मोकळी जागा, अंगावर सेंटरबॅक घेऊन बॉल धरायचा आणि वळायचं. टुखेलला पुढे एकटा माणूस हवा होता जो प्रेस करेल, म्हणजे समोरच्यांवर धावून बॉल हिसकावेल, जागा बदलत राहील, आणि बॉल बहुतेक वेळ आपल्याकडेच असल्यामुळे समोर मोकळी जागा नसणारच.

१९ फेब्रुवारी २०२२, क्रिस्टल पॅलेसविरुद्धची मॅच. लुकाकू पूर्ण ९० मिनिटं खेळला आणि बॉलला त्याचे फक्त ७ टच. हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरला होता, लीगमध्ये ९० मिनिटं खेळलेल्या माणसाचे इतके कमी टच आधी नोंदलेच गेले नव्हते. चेल्सी ती मॅच १-० जिंकली. मी ती मॅच पूर्ण बघितली होती, आणि अजून डोळ्यासमोर आहे, तो पळायला सुरुवात करतो, हात वर करतो, पास दुसरीकडे जातो, तो थांबतो, परत मागे चालत येतो. असं कितीतरी वेळा. आता ट्रान्सफरमार्क्टवर त्या मॅचची ओळ उघडा. जिंकले, ९० मिनिटं, गोल नाही, कार्ड नाही. बस. खेळला हे कळतं, खेळू दिलं का हे कळत नाही. टच, हीटमॅप वगैरे बघायचं तर सोफास्कोअरसारखं दुसरं काहीतरी उघडावं लागतं, आणि मी ते नेहमी उघडते.

पण दादाने इथे एक चांगला मुद्दा काढला होता आणि तो मी मान्य केलाय. तो म्हणाला की कोन्ते गेल्यावर पण लुकाकू इटलीत गोल करतच होता, २०२३-२४ ला रोमात लोनवर (म्हणजे उसना) सगळ्या स्पर्धा मिळून २१, तेव्हा कोच आधी मोरिन्यो आणि मग दे रोस्सी, मग कोन्तेचं श्रेय कशाला, इटलीचं म्हण. खरंय. म्हणून मी पोझिशन आणि जोडीदार बघायला लागले. मोरिन्योच्या रोमात पण पुढे दोघं असायचे, शेजारी डिबाला. म्हणजे कोचचं नाव हा एक दुवा झाला, खरा प्रश्न आहे की त्या कोचने त्याला काय काम दिलं. आणि त्यापुढचं तर बघाच, २०२४ च्या जूनमध्ये कोन्ते नापोलीला, ऑगस्टमध्ये लुकाकू ३० मिलियनमध्ये नापोलीला, लीगमध्ये १४ गोल, १० असिस्ट आणि टायटल. ११३ वाला फसला आणि ३० वाला चालला, माणूस तोच, वय तीन वर्षांनी वाढलेलं. म्हणून नुसती फी बघून ट्रान्सफर ठरवणाऱ्यांशी मी आता वाद पण घालत नाही, सरळ या दोन ओळी पाठवते.

नापोलीचा विषय निघालाच आहे तर मॅकटॉमिने. मँचेस्टर युनायटेडने २०२४ मध्ये साधारण ३० मिलियन युरोला विकला तेव्हा बरेच जण म्हणाले चांगला पैसा मिळाला. त्याच्या पानावर पोझिशननुसार मॅचचा भाग उघडा, इंग्लंडमधली कितीतरी वर्षं मिडफिल्डमध्ये खाली, डिफेन्सच्या पुढे. कोन्तेने त्याला वर पाठवला, लुकाकूने सेंटरबॅक अडवून ठेवायचे आणि याने मागून बॉक्समध्ये घुसायचं. लीगमध्ये १२ गोल आणि सेरी आ चा सीझनचा सर्वोत्तम प्लेअर. २३ मे २०२५ ला शेवटच्या मॅचमध्ये कालियारीविरुद्ध त्याने हवेत आडवं होऊन मारलेला पहिला गोल आणि दुसरा लुकाकूचा, २-०, इंटरच्या फक्त एका पॉइंटने पुढे राहून टायटल. दोन्ही गोल प्रीमियर लीगच्या क्लबांनी हात झटकलेल्या माणसांचे. आता कोन्तेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरायची नाही, नापोली आदल्या सीझनला दहावी आली होती, म्हणजे त्या वर्षी युरोपियन मॅच नव्हत्या, आठवडाभर ट्रेनिंगला वेळ होता. इंटर त्याच सीझनला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत खेळत होती. हे कोचच्या पानावरच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, पण मॅचची यादी उघडली की लगेच दिसतं, एकाची किती लांब आणि दुसऱ्याची किती छोटी.

आता मॅनेजर लोकांची पानं. इथे एक रकाना आहे, पॉइंट पर मॅच, म्हणजे सरासरी एका मॅचला किती पॉइंट, जिंकलं की ३, ड्रॉ झाली की १. कपच्या मॅच पण त्यातच धरतात. सरळ सांगते, या साईटवरचा सगळ्यात फसवा आकडा हा. मार्केट व्हॅल्यू निदान लोकांनी चर्चा करून ठरवलेली असते, हा तर नुसता भागाकार आहे आणि भागाकार खोटं कसं बोलेल असं वाटून लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

गॅस्पेरिनीचं पान उघडा. इंटर, २०११, पाच मॅच, ०.२०. चार हरले, एक ड्रॉ. मिलानकडून सुपर कप हरले, लीगमध्ये पालेर्मो आणि नोवाराकडून, चॅम्पियन्स लीगमध्ये ट्रॅब्झोनस्पोरकडून, मध्ये रोमाशी एक ड्रॉ. काढून टाकला. त्याच ऑगस्टमध्ये इंटरने आपला मोठा स्ट्रायकर एटो याला आंझी क्लबला विकलं होतं हे क्लबच्या ट्रान्सफरच्या पानावर आहे, पण लोक तिथे जात नाहीत. आता त्याच माणसाचं २०१६ चं अटलांटा. लीगच्या पहिल्या पाच मॅचपैकी चार हरले! इंटरपेक्षा एकच जिंकलेली मॅच जास्त. तिथेही काढतात की काय अशी चर्चा सुरू झालीच होती. पण प्रेसिडेंटने ठेवलं, गॅस्पेरिनीने पोरं खेळवली, कॅल्दारा, गॅलियार्डिनी, केसिए, कॉन्टी, आणि सीझन संपला तेव्हा अटलांटा चौथी. पुढे नऊ वर्षं तो तिथे होता, २०२४ मध्ये डब्लिनला युरोपा लीगची फायनल ३-० जिंकली, तीन्ही गोल लुकमनचे, आणि समोर होतं झाबी अलोन्सोचं लेव्हरकुसेन जे त्या सीझनला ५१ मॅच कुणाकडून हरलं नव्हतं. मला हे वाचताना दर वेळी वाटतं की पाच मॅचवर माणूस कसा ठरतो? दोन क्लब, जवळपास सारखी सुरुवात, एकाने सोडला आणि एकाने धरला. फरक मॅनेजरमध्ये शोधताय तर चुकताय, फरक वरच्या ऑफिसमध्ये होता.

आणि अटलांटाच्याच पानावर ट्रान्सफरच्या भागात जाऊन बघा की त्या पहिल्या वर्षातली पोरं कुठे गेली. गॅलियार्डिनी जानेवारीतच इंटरला, केसिए आणि कॉन्टी मिलानला, कॅल्दारा युव्हेंटसला, शिवाय बास्तोनी इंटरला. म्हणजे याने टीम बांधायची, मोठ्या क्लबांनी उचलून न्यायची, याने परत नवीन घ्यायची, आणि तरीही टीम वरच राहायची. मॅनेजरला मोजायचं असेल तर माझ्या मते यासारखी परीक्षा नाही. दर वर्षी टीममधून काय गेलं आणि त्यानंतर नंबर कितवा आला. पॉइंट पर मॅचपेक्षा हे शंभर पट जास्त सांगतं आणि सगळी माहिती त्याच साईटवर आहे, फक्त दोन-तीन क्लिक जास्त लागतात.

उलटं उदाहरण टेन हागचं लेव्हरकुसेन, २०२५. तीन मॅच. कपमध्ये खालच्या डिव्हिजनच्या टीमला ४-० हरवलं, लीगमध्ये हॉफेनहाइमकडून हरले, ब्रेमनशी ३-३, आणि १ सप्टेंबरला घरी पाठवलं. सरासरी १.३३. हा आकडा त्याच्या पानावर कायमचा राहणार. आता त्या उन्हाळ्यातल्या क्लबच्या ट्रान्सफर बघा, व्हिर्ट्झ आणि फ्रिम्पाँग लिव्हरपूलला, टाह बायर्नला, झाका संडरलंडला, गोलकीपर ऱ्हादेत्स्की मोनॅकोला. अख्खा कणाच काढून नेलेला. याचा अर्थ टेन हाग चांगला होता असं मी म्हणत नाहीये, युनायटेडमध्ये त्याच्या शब्दावर आणलेला अ‍ॅन्टनी ९५ मिलियनचा, ९६ मॅच आणि १२ गोल, त्याची जबाबदारी त्याच्याकडे येतेच. आयाक्समध्ये आपल्या हाताखाली खेळलेल्या पोराला आणलं तर निदान आपल्याला त्याची मर्यादा माहीत पाहिजे. पण तीन मॅचवरून काही ठरवायचं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ. दादा युनायटेडचा आहे त्यामुळे तो १.३३ चा स्क्रीनशॉट आनंदाने पाठवतो आणि मी प्रत्येक वेळी त्याला सांगते की तुझ्याकडे युनायटेडचा अडीच वर्षांचा पुरावा आहे ना, तो वापर, तीन मॅचचा कशाला.

अ‍ॅन्टनीबद्दल एक ओळ, जानेवारी २०२५ मध्ये लोनवर बेटिसला गेला आणि पेलेग्रिनीच्या हाताखाली अर्ध्या सीझनमध्ये ९ गोल केले, टीम कॉन्फरन्स लीगच्या फायनलला गेली. पोरगं संपलेलं नव्हतं. ९५ मिलियनचं नव्हतं हेही खरं.

जखमांचा भाग हा या साईटचा मला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. देम्बेलेचं पान उघडा आणि २०१७ नंतरच्या जखमांची यादी नुसती स्क्रोल करा. बार्सिलोनाने डॉर्टमुंडकडून १०५ मिलियन अधिक बोनस देऊन घेतला, नेमारला पीएसजीला विकून आलेले २२२ मिलियन हातात होते आणि सगळ्या जगाला ते माहीत होतं, त्यामुळे भाव चढलेलाच होता. सप्टेंबरमध्ये हेताफेविरुद्ध हॅमस्ट्रिंगचं टेंडन फाटलं आणि काही महिने गेले, मग परत, मग परत. एकेका ओळीपुढे किती दिवस बाहेर आणि किती मॅच हुकल्या हे लिहिलेलं असतं. एका विशीतल्या पोराच्या आयुष्यातली वर्षं आहेत ती. तेव्हा त्याला आळशी म्हणणारे, पैसा डोक्यात गेला म्हणणारे, त्यांनी ही यादी एकदा वाचायला हवी होती.

मग २०२३ मध्ये ५० मिलियनला पीएसजी. पहिल्या सीझनला लीगमध्ये ३ गोल. तीन! तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं की ट्रान्सफर वाया गेली. नंतरच्या सीझनला लुईस एन्रिकेने आधी त्याला शिस्तीच्या कारणावरून आर्सेनलविरुद्धच्या मॅचला टीमबाहेर ठेवलं आणि मग हिवाळ्यात विंगवरून उचलून मध्ये आणला, खाली उतरून बॉल घेणारा सेंटर फॉरवर्ड. पोझिशनच्या तक्त्यात हे अगदी स्पष्ट दिसतं, वर्षानुवर्षं उजवी विंग, उजवी विंग, आणि मग एकदम सेंटर फॉरवर्डच्या मॅच भराभर वाढतात. सगळे मिळून ३५ गोल, म्युनिकला इंटरविरुद्ध ५-० ची चॅम्पियन्स लीग फायनल, आणि बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम प्लेअरचा पुरस्कार. एमबाप्पे फुकटात गेला त्याच्या पुढच्याच वर्षी. १०५ ची ट्रान्सफर फसली म्हणून ज्या माणसाचं नाव घ्यायचे तोच माणूस. मी त्या रात्री त्याचं पान उघडून परत जखमांची यादी वाचली होती, का कोण जाणे, पण वाचावीशी वाटली.

आता पैशाबद्दल, कारण फीचा रकाना लोक किराणा मालाच्या बिलासारखा वाचतात. क्लबच्या हिशोबात फी एकदम खर्च म्हणून पडत नाही, कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांमध्ये वाटली जाते. एन्झो फर्नांडेझ चेल्सीने १२१ मिलियनला घेतला आणि कॉन्ट्रॅक्ट साडेआठ वर्षांचं, म्हणजे वर्षाला साधारण १४ मिलियन. हेच पाच वर्षांत वाटलं असतं तर वर्षाला २४ च्या वर. म्हणूनच मग यूएफाने, म्हणजे युरोपियन फुटबॉलच्या संघटनेने, आणि पाठोपाठ प्रीमियर लीगने नियम केला की कॉन्ट्रॅक्ट कितीही लांब असू दे, वाटायचं जास्तीत जास्त पाच वर्षांतच. विकल्यावर मात्र नफा त्याच वर्षी पूर्ण दाखवता येतो. ही एक गोष्ट समजली की अर्ध्या विचित्र ट्रान्सफर समजायला लागतात.

२०२० ची आर्थर आणि प्यानिचची अदलाबदल बघा ना. बार्साने २३ वर्षांचा आर्थर युव्हेंटसला दिला ७२ मिलियनला, युव्हेंटसने ३० वर्षांचा प्यानिच बार्साला दिला ६० मिलियनला, वर दोन्हीकडे बोनस. कागदावर दोघांनीही मोठी विक्री केली, खऱ्या पैशात फरक तेवढ्या १२ मिलियनचा. प्यानिच एक सीझन बार्सात, मग लोनवर बेशिक्ताशला, मग फ्रीमध्ये शारजाला. आर्थरच्या पानावर तर लोन, लोन संपलं, लोन, लोन संपलं अशाच ओळी आहेत, लिव्हरपूल, फिओरेन्टिना, जिरोना, ग्रेमिओ. लिव्हरपूलच्या अख्ख्या सीझनमध्ये पहिल्या टीमसाठी १३ मिनिटं, नापोलीविरुद्ध, ती मॅच पण ४-१ हरलेली. फिओरेन्टिनात मात्र नियमित खेळला, म्हणजे खेळता येत नव्हतं असं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, क्लबांच्या वह्यांमध्ये जमाखर्च जुळवताना प्लेअरची ऐन उमेदीची वर्षं जातात. पुढे २०२२-२३ मध्ये ट्रान्सफरमधला नफा फुगवून दाखवल्याच्या प्रकरणात युव्हेंटसचे आधी १५ पॉइंट कापले, अपिलात परत मिळाले, शेवटी १० कापले. त्यात नेमकी हीच डील पकडली असं मी म्हणत नाहीये, पण फी म्हणून जो आकडा दिसतो तो प्लेअरच्या खेळाची किंमत असतोच असं नाही एवढं तरी त्यातून कळतं. साईटवर फक्त दोन वेगळ्या फीचे आकडे दिसतात, पण ही एकच अदलाबदल आहे हे सांगायला तिथे कुणी नाही.

वयाचं पण असंच. मोद्रिच २०२५ मध्ये ३९ व्या वर्षी रेआलहून मिलानला फ्री गेला, मार्केट व्हॅल्यू नावापुरती, कारण त्याला परत विकून काही मिळणार नाही. बरोबरच आहे, व्हॅल्यूत पुढच्या विक्रीचा विचार असतोच. पण लोक दोन टीमची एकूण व्हॅल्यू शेजारी ठेवून कोण जिंकणार सांगतात तेव्हा त्यात मोद्रिचचा मिडफिल्डमधला अनुभव जवळपास शून्य धरला जातो आणि बेंचवरच्या १९ वर्षांच्या पोराचे वीस मिलियन पूर्ण धरले जातात. टीमच्या एकूण व्हॅल्यूवरून मॅनेजरला शिव्या घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पाचपैकी चार स्टार माझ्याकडून. माहिती भरणारे हजारो लोक हे प्रेमापोटी करतात, खालच्या डिव्हिजनमधल्या पोराचा पण जन्मदिवस आणि पहिली मॅच कुठे ना कुठे नोंदलेली असते, याबद्दल मनापासून आभार. एक स्टार कापला तो मांडणीसाठी. वर मोठ्या अक्षरात व्हॅल्यू, आणि कुठल्या कोचच्या हाताखाली किती मॅच खेळला हे मात्र आत दुसऱ्या पानावर, जिथे बहुतेक लोक पोचतच नाहीत. ट्रान्सफरच्या प्रत्येक ओळीतच अजून दोन रकाने द्या, घेतला तेव्हा कोच कोण होता, आणि तो कोच किंवा हा प्लेअर यातलं कोण आधी गेलं. लुकाकूचं मी माझ्यापुरतं भरून ठेवलंय आणि दादाला पाठवलंय: इंटर, कोन्ते, आधी कोच गेला. चेल्सी, टुखेल, आधी प्लेअर गेला. नापोली, कोन्ते, टायटल. दादाने अजून उत्तर दिलेलं नाही, पण काल त्याने स्वतःहून अ‍ॅन्टनीच्या मिनिटांचा स्क्रीनशॉट पाठवला.